लीगमध्ये सतरावे, युरोपात विजेते: फुटबॉल क्लबची ‘युरोपियन रन’ सोप्या भाषेत

21 मे 2025 च्या रात्री स्पेनमधल्या बिल्बाओ शहरात लंडनच्या टॉटनहॅम क्लबने मँचेस्टर युनायटेडला 1-0 असं हरवून युरोपा लीग जिंकली. शुक्रवारी उत्तर लंडनमध्ये उघड्या बसमधून मिरवणूक निघाली. रविवारी त्याच टॉटनहॅमने घरच्या मैदानावर ब्रायटनकडून 1-4 असा मार खाल्ला आणि प्रीमियर लीगचा, म्हणजे इंग्लंडच्या वरच्या लीगचा, मोसम संपवला सतराव्या नंबरावर. 20 संघांची लीग, 38 सामने, 22 पराभव. शेवटचे तीन संघ खालच्या लीगमध्ये जातात, म्हणजे त्या रेषेच्या अगदी वरचा हा नंबर.

बक्षीस म्हणून टॉटनहॅमला पुढच्या मोसमाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये थेट जागा मिळाली. फायनल हरलेलं युनायटेड लीगमध्ये दोन नंबर वर, म्हणजे पंधरावं होतं. त्यांना पुढच्या मोसमात युरोपात कुठेच जागा नव्हती, आणि ही वेळ त्यांच्यावर 2014-15 नंतर पहिल्यांदाच आली.

आयपीएलचा एकच तक्ता बघायची सवय असलेल्या माणसाला हे सगळं उफराटं वाटतं. लीगमध्ये रडतखडत चाललेल्या संघाचे पाठीराखे गुरुवारच्या एका सामन्यासाठी इतके वेडे का होतात? त्यामागे भावना आहेतच, पण पक्का हिशेबही आहे, आणि तो नियमांमध्ये दडलेला आहे.

दोन स्पर्धा, दोन वेगळे हिशेब

युरोपातला मोठा क्लब एकाच मोसमात दोन आघाड्यांवर खेळतो. शनिवार-रविवारी आपल्या देशाची लीग, आणि आठवड्याच्या मध्यावर, तेही दर आठवड्याला नव्हे, युरोपातल्या इतर देशांच्या क्लबांशी सामने. एकीकडचे गुण दुसरीकडे चालत नाहीत. देशांतर्गत चषक आणखी वेगळे. ते इथे बाजूला ठेवू.

युरोपातले सामने भरवते युएफा, म्हणजे युरोपातल्या फुटबॉल संघटनांची शिखर संस्था. तिच्या पुरुष क्लबांसाठी तीन स्पर्धा आहेत. सगळ्यात वर चॅम्पियन्स लीग, जी मुख्यतः मंगळवारी-बुधवारी होते. तिच्या खाली युरोपा लीग आणि तिच्याही खाली 2021 मध्ये सुरू झालेली कॉन्फरन्स लीग; या दोन्ही मुख्यतः गुरुवारच्या. कुणाला कुठे प्रवेश हे मागच्या मोसमावर ठरतं. टॉटनहॅम 2023-24 मध्ये प्रीमियर लीगमध्ये पाचवं आलं होतं, म्हणून 2024-25 ची युरोपा लीग त्यांच्या वाट्याला आली. ही एका वर्षाची दरी लक्षात ठेवली की निम्मा गोंधळ संपतो: आज युरोपात खेळणारा संघ हा काल चांगला असलेला संघ असतो. आज तो तसा असेलच असं नाही.

‘रन’ म्हणजे या स्पर्धेत फेरीमागून फेरी टिकून राहणं. टॉटनहॅमची रन 15 सामन्यांची होती: 10 विजय, 3 बरोबरी, 2 पराभव. त्याच संघाने लीगमध्ये जे केलं ते वर आलंच आहे.

36 संघांचा एकच तक्ता

2024 पर्यंत पद्धत सोपी होती. चार-चार संघांचे आठ गट, गटात प्रत्येकाशी दोनदा सामना, पहिले दोन पुढे. ती मोडून आता 36 संघांचा एकच तक्ता केला आहे. या टप्प्याला ‘लीग फेज’ म्हणतात. पण 36 जण एकमेकांशी खेळत नाहीत. चॅम्पियन्स आणि युरोपा लीगमध्ये प्रत्येक संघाला आठच सामने, चार घरी, चार बाहेर. संघांची ताकदीप्रमाणे नऊ-नऊच्या चार गठ्ठ्यांत विभागणी करतात आणि सोडतीत प्रत्येक गठ्ठ्यातले दोन प्रतिस्पर्धी मिळतात, एक घरी खेळायला आणि एक बाहेर. एकाच देशाचे संघ या टप्प्यात समोरासमोर येत नाहीत. कॉन्फरन्स लीगमध्ये सहाच सामने.

बुद्धिबळवाले याला स्विस पद्धत म्हणून ओळखतील, आणि मूळ कल्पना तिथलीच आहे. फरक इतकाच की बुद्धिबळात पुढच्या फेरीचा प्रतिस्पर्धी आधीच्या निकालांवर ठरतो. इथे आठही सामने आधीच ठरलेले असतात.

पहिले आठ थेट शेवटच्या 16 मध्ये. नऊ ते चोवीस या नंबरांमध्ये उरलेल्या आठ जागांसाठी फेब्रुवारीत प्लेऑफ. पंचवीस ते छत्तीस घरी. पूर्वी चॅम्पियन्स लीगच्या गटात तिसरा आलेला संघ युरोपा लीगमध्ये उतरायचा आणि तिथे खालून धडपडत वर आलेल्यांची वाट अडवायचा. ती सोय आता बंद आहे, आणि माझ्या मते नव्या पद्धतीतला सगळ्यात चांगला बदल हाच.

या तक्त्यात गोलफरकाला, म्हणजे केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांतल्या फरकाला, विलक्षण वजन आहे. 2024-25 च्या चॅम्पियन्स लीगमध्ये 24 व्या नंबरावर क्लब ब्रुग 11 गुणांनी शिरलं. 25 व्या नंबरावर दिनामो झाग्रेब, त्यांचेही 11 गुण. ब्रुगचा गोलफरक उणे 4, दिनामोचा उणे 7. शेवटच्या रात्री दिनामोने एसी मिलानला हरवलं तरी ते बाहेर! कारण सप्टेंबरमधल्या पहिल्याच सामन्यात बायर्न म्युनिककडून त्यांनी 2-9 अशी धुलाई करून घेतली होती. त्या रात्री चार गोल कमी खाल्ले असते तर जानेवारीत ते पुढे गेले असते. म्हणूनच 0-4 मागे पडलेला संघ शेवटच्या दहा मिनिटांत जीव तोडून बचाव करताना दिसला, तर ती निव्वळ इज्जत वाचवणं नसतं.

मोजमाप म्हणून एवढं ध्यानात ठेवा: त्या मोसमात चॅम्पियन्स लीगमध्ये आठवा आलेला अ‍ॅस्टन व्हिला 16 गुणांवर होता आणि 15 गुणांचे पाच संघ त्याच्या खाली अडकले. त्यांत रेआल माद्रिदही होतं. तक्त्यातला नंबर म्हणजे भविष्यवाणी मात्र नव्हे. पॅरिस सेंट-जर्मेन 15 वं आलं होतं, प्लेऑफमधून गेलं, शेवटच्या 16 मध्ये तक्त्यात पहिल्या आलेल्या लिव्हरपूलला पेनल्टींवर बाहेर काढलं आणि म्युनिकच्या फायनलमध्ये इंटर मिलानचा 5-0 असा धुव्वा उडवून विजेतं ठरलं.

टॉटनहॅम युरोपा लीगच्या तक्त्यात 17 गुणांसह चौथं आलं. कौतुकाच्या पलीकडे याचा उपयोग असा की फेब्रुवारीतले प्लेऑफचे दोन सामने वाचले. निम्मा बचाव जायबंदी असलेल्या संघासाठी ते दोन रिकामे आठवडे सोन्यासारखे होते.

दोन लेग: पहिल्या डावाची आघाडी

प्लेऑफपासून सेमीफायनलपर्यंत प्रत्येक जोडी दोन सामने खेळते, एक इथे, एक तिथे. प्रत्येक सामन्याला ‘लेग’ म्हणायचं आणि दोन्हींच्या गोलांच्या बेरजेला ‘अ‍ॅग्रिगेट’. क्रिकेटच्या कसोटीसारखं समजा: पहिल्या डावाची आघाडी दुसऱ्या डावात बरोबर येते, आणि दुसरा डाव ‘हरूनही’ सामना जिंकता येतो. शेवटच्या 16 मध्ये टॉटनहॅम नेदरलँड्सच्या एझेड अल्कमारकडे 0-1 हरलं, घरी 3-1 जिंकलं. बेरीज 3-2, पुढे. क्वार्टर फायनलला आइनट्राख्ट फ्रँकफुर्टशी घरी 1-1, जर्मनीत जाऊन 1-0.

बेरीज सारखी झाली तर 30 मिनिटांचा जादा वेळ, तरीही नाही सुटलं तर पेनल्टी शूटआऊट. जुन्या प्रेक्षकांचा इथे हमखास घोटाळा होतो, कारण त्यांच्या डोक्यात ‘अवे गोल’ पक्का बसलेला असतो. बरोबरीत परक्या मैदानावरच्या गोलांना जास्त वजन देण्याचा तो नियम युएफाने 2021-22 पासून काढून टाकला. 2019 च्या चॅम्पियन्स लीग सेमीफायनलमध्ये टॉटनहॅम घरी आयॅक्सकडून 0-1 हरलं होतं. अ‍ॅमस्टरडॅममध्ये लुकास मोउराने 96 व्या मिनिटाला तिसरा गोल केला, 3-2. बेरीज 3-3, आणि परक्या मैदानावरचे गोल जास्त म्हणून टॉटनहॅम फायनलला. आजच्या नियमाने तो गोल झाल्यावर फक्त जादा वेळ सुरू झाला असता.

नियम गेल्यामुळे पहिला लेग घरी खेळणाऱ्याची एक भीती गेली. पूर्वी घरी एक गोल खाल्ला की तो दोनसारखा दुखायचा. आता 1-1 म्हणजे खरोखरच बरोबरी. फायनल मात्र एकच सामना, आधीच जाहीर झालेल्या मैदानावर.

रन हरते ती कागदावर आणि मांडीच्या स्नायूंत

टीव्हीवर डावपेचांची चर्चा रंगते. खरं तर मधल्या फळीतल्या क्लबची रन बऱ्याचदा दोन कंटाळवाण्या गोष्टींवर तुटते: खेळाडूंची यादी आणि दुखापती.

युएफाकडे क्लबला 25 जणांची मुख्य यादी द्यावी लागते, त्यात किमान दोन गोलकीपर. यातल्या आठ जागा स्थानिक घडणीच्या खेळाडूंसाठी, म्हणजे 15 ते 21 वयाच्या दरम्यान किमान तीन मोसम त्या क्लबात किंवा त्या देशात तयार झालेल्यांसाठी राखीव असतात, आणि आठांपैकी किमान चार जण त्याच क्लबात घडलेले लागतात. असे चार मिळाले नाहीत तर तेवढ्या जागा रिकाम्या सोडायच्या. बाहेरून विकत घेतलेला स्टार तिथे बसवता येत नाही. क्लबात दोन वर्षं सलग असलेली 21 वर्षांखालची मुलं वेगळ्या यादीत, तिला आकड्याची मर्यादा नाही. लीग फेज संपल्यावर, फेब्रुवारीच्या सुरुवातीला, फक्त तीन नवी नावं घालता येतात. जानेवारीत पाच खेळाडू घेतलेत? दोन जण युरोपचे सामने घरी बसून बघणार.

टॉटनहॅमच्या शरद ऋतूतल्या यादीत जेड स्पेन्स नव्हता. जानेवारी उजाडेपर्यंत बचावफळी इतकी विरळ झाली की लीगमध्ये तोच खेळू लागला, आणि फेब्रुवारीतल्या तीन जागांपैकी एक त्याला द्यावी लागली. उरलेल्या दोन नव्याने आलेल्या केव्हिन डान्सो आणि माथिस टेल यांना. फायनलच्या शेवटच्या टप्प्यात आघाडी राखायला बदली म्हणून उतरलेल्यांमध्ये डान्सो आणि स्पेन्स दोघे होते. यादी भरणाऱ्याने फेब्रुवारीत वेगळी नावं लिहिली असती तर ते बाकावरही नसते.

दुसरी गोष्ट गुरुवार-रविवारची. गुरुवारी रात्री परदेशात सामना, शुक्रवारी पहाटे विमान, शनिवारी हलका सराव, रविवारी लीग. स्नायूंना सावरायला जेमतेम तीन दिवस, तेही प्रवासासकट. 8 मेला टॉटनहॅम नॉर्वेच्या उत्तरेला खेळलं. 11 मेला रविवारी घरी क्रिस्टल पॅलेसविरुद्ध 0-2 हरलं आणि त्याच सामन्यात डेयान कुलुसेव्हस्कीचा गुडघा गेला. जेम्स मॅडिसन सेमीच्या पहिल्या लेगमध्ये, लुकास बर्गवाल सरावात जायबंदी झाला. चेंडू खेळवत पुढे नेणारे तिघेही फायनलला बाहेर. म्हणून त्या रात्री टॉटनहॅमने 42 व्या मिनिटाच्या ब्रेनन जॉन्सनच्या गोलानंतर नुसता किल्ला लढवला, आणि सगळ्यांच्या लक्षात राहिलं ते मिकी व्हॅन डे व्हेनने गोलरेषेवरून हवेत उलटं होत बाहेर फेकलेलं युनायटेडच्या रास्मुस होयलुंडचं हेडर. सामना दिसायला गचाळच होता. उपलब्ध माणसांत दुसरं काही जमण्यासारखंही नव्हतं.

पंच ताकीद म्हणून दाखवतात त्या पिवळ्या कार्डांचाही एक हिशेब असतो. तीन साठली की एक सामना बाहेर. क्वार्टर फायनल संपली की साठलेली कार्डं पुसली जातात, पण तोवर लागलेली बंदी पुसली जात नाही. सेमीच्या पहिल्या लेगला नॉर्वेच्या बोडो/ग्लिम्टचे पॅट्रिक बर्ग आणि हाकन एव्हयेन हे मधल्या फळीचे दोन खांब नेमके यामुळे लंडनमध्ये खेळू शकले नाहीत, आणि टॉटनहॅमने पहिल्या मिनिटालाच गोल केला.

समोरच्या गावाची बाजू

बोडो/ग्लिम्टबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण ‘रन’ या शब्दाचा जीव अशा क्लबांत असतो. बोडो हे आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला वसलेलं, 50 हजारांच्या आसपास वस्तीचं बंदर. अस्पमिरा या त्यांच्या मैदानात आठ हजारांहून थोडी जास्त माणसं मावतात आणि थंडीमुळे गवत कृत्रिम आहे. नॉर्वेची लीग वसंतापासून नोव्हेंबरपर्यंत चालते, म्हणजे युरोपातले जानेवारी-फेब्रुवारीचे निर्णायक सामने येतात तेव्हा या खेळाडूंचा मोसम संपलेला असतो. लीगचा सराव नसताना त्यांना थेट मोठ्या सामन्यात उतरावं लागतं.

तरीही 2021 मध्ये त्यांनी नावाजलेले प्रशिक्षक जोझे मोरिन्यो यांच्या इटलीतल्या रोमाला 6-1 असं लोळवलं होतं, आणि 2025 मध्ये इटलीच्याच लाझिओला पेनल्टींवर हरवून युरोपियन सेमीफायनल गाठणारा नॉर्वेचा पहिला पुरुष संघ ठरले. टॉटनहॅमविरुद्धच्या तिकिटांसाठी गावात काय चाललं होतं याचा अंदाज एका व्यवहारावरून येईल: पाच किलो अर्धवट सुकवलेल्या माशाच्या बदल्यात तिकिटं दिली-घेतली गेली. बातमी जगभर गेली.

ते 1-3 आणि 0-2 असे दोन्ही लेग हरले. कृत्रिम गवत, थंडी, छोटं मैदान यांचा धाक इटालियन संघांना बसला होता. टॉटनहॅमने लंडनमध्ये दोन गोलांची आघाडी घेऊन ठेवल्यामुळे दुसऱ्या लेगला त्यांना धोका पत्करायची गरजच पडली नाही.

एवढा जल्लोष नेमका कशाचा?

आधी कोरडा भाग. युएफाच्या 2024-27 च्या वाटपात युरोपा लीगच्या लीग फेजमध्ये नुसतं उतरल्याचे 43 लाख 10 हजार युरो मिळतात. एका विजयाचे साडेचार लाख, बरोबरीचे दीड लाख, पहिल्या आठात आल्याचे 6 लाख. शेवटच्या 16 चे साडेसतरा लाख, क्वार्टरचे 25 लाख, सेमीचे 42 लाख, फायनलचे 70 लाख आणि जिंकलात तर वर 60 लाख. टॉटनहॅमच्या निकालांना हे दर लावले तर बेरीज 2 कोटी 89 लाख युरोंच्या आसपास येते. तक्त्यातल्या नंबराचे आणि प्रक्षेपण हक्कांचे वेगळे.

आता चॅम्पियन्स लीग बघा. तिथे नुसत्या प्रवेशाचेच 1 कोटी 86 लाख 20 हजार, आणि एका विजयाचे 21 लाख. वरच्या स्पर्धेतला एक विजय खालच्या स्पर्धेतल्या साडेचारहून जास्त विजयांएवढा. म्हणून बिल्बाओच्या 90 मिनिटांची खरी किंमत फायनलच्या बक्षिसापेक्षा किती तरी मोठी होती. युरोपा विजेत्याला चॅम्पियन्स लीगची जागा देण्याचा नियम 2015 च्या विजेत्यापासून, म्हणजे सेव्हियापासून लागू झाला. कॉन्फरन्स लीग जिंकणाऱ्याला तसाच युरोपा लीगमध्ये प्रवेश मिळतो.

पण रात्रभर लंडनच्या रस्त्यांवर गाणारी माणसं काही युरोंची बेरीज करत नव्हती. टॉटनहॅमने याआधीचा कुठलाही चषक 2008 मध्ये उचलला होता आणि युरोपातला 1984 मध्ये, बेल्जियमच्या आंडरलेख्टला पेनल्टींवर हरवून. चाळिशीच्या आतल्या एकाही चाहत्याने आपला क्लब युरोपात जिंकताना पाहिला नव्हता.

“सतराव्याला चॅम्पियन्स लीग? हा सरळ अन्याय आहे”

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि तो अगदीच फोल नाही. मात्र त्यात दोन वेगळे प्रश्न गुंतलेले आहेत.

पहिला: टॉटनहॅमने कुणाची जागा खाल्ली का? नाही. विजेत्याची जागा देशाच्या कोट्याबाहेरची असते. 2025-26 मध्ये इंग्लंडचे सहा संघ चॅम्पियन्स लीगमध्ये गेले: लीगमधले पहिले पाच, अधिक टॉटनहॅम. सहाव्या आलेल्या अ‍ॅस्टन व्हिलाची संधी गोलफरकावर न्यूकासलकडे गेली. टॉटनहॅम हरलं असतं तरी व्हिलाला ती मिळाली नसती. ती युनायटेडला मिळाली असती.

दुसरा: त्यांनी लीग मुद्दाम सोडून दिली का? शेवटी-शेवटी, हो. राखीव संघ उतरवले, प्रमुख खेळाडू वाचवले. पण तारखा पाहा. साउथहॅम्प्टन 6 एप्रिलला, लेस्टर 20 एप्रिलला आणि इप्सविच 26 एप्रिलला खाली गेले. सेमीचा पहिला लेग होता 1 मेला. म्हणजे सेमी सुरू होण्याआधीच खाली जाण्याच्या तिन्ही जागा भरल्या होत्या. टॉटनहॅमचे शेवटी 38 गुण झाले, अठराव्या लेस्टरचे 25. गमावण्यासारखं लीगमध्ये काही उरलेलं नसताना युरोपावर सगळं लावणं हा साधा शहाणपणा होता. एकदा 18 वा आणि 17 वा यांच्यात दोन-तीनच गुण असतील तेव्हा हाच जुगार क्लबला बुडवू शकतो, कारण युरोपातला विजय खालच्या लीगमध्ये जाण्यापासून वाचवत नाही.

वर्षभराच्या 22 पराभवांकडे मात्र क्लबने डोळेझाक केली नाही. दुसऱ्या मोसमात मी नेहमी काहीतरी जिंकतो असं सप्टेंबरमध्येच सांगून ते खरं करून दाखवणारे प्रशिक्षक अँज पोस्टेकोग्लू यांना 6 जूनला, फायनलनंतर 16 दिवसांनी, नारळ मिळाला.

शेजारी जिंकला तर आपल्याला काय?

इंग्लंडमधून पाच संघ लीगच्या वाटेने कसे गेले, चार का नाही? इथे एकच जड शब्द लागतो: कोएफिशंट. एका देशाच्या सगळ्या क्लबांनी युरोपात मिळवलेल्या गुणांची बेरीज भागिले त्या देशाच्या क्लबांची संख्या. मुख्य स्पर्धेत विजयाला 2, बरोबरीला 1, वरच्या फेऱ्यांचे बोनस वेगळे. ज्या दोन देशांची सरासरी त्या मोसमात सर्वोत्तम, त्यांना पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये एक-एक जादा जागा. 2024-25 मध्ये ते इंग्लंड आणि स्पेन ठरले. पाचव्या आलेल्या न्यूकासल आणि व्हियारेआल यांना लाभ झाला. आदल्या वर्षी इटली आणि जर्मनी.

भागाकारामुळे गंमत होते. सात क्लब पाठवणाऱ्या देशाचा एक क्लब लवकर बाहेर पडला तर सगळ्यांची सरासरी खाली येते. म्हणून न्यूकासलच्या चाहत्याला टॉटनहॅमच्या विजयाची गरज होती, आवडो वा न आवडो. टॉटनहॅमच्या कट्टर शेजाऱ्यांच्या, म्हणजे आर्सेनलच्या, चाहत्याला हे पटवायला जाऊ नका.

मैदानावर मिळवलेली जागा कागदावर गेली तर?

17 मे 2025 ला क्रिस्टल पॅलेसने मँचेस्टर सिटीला 1-0 हरवून एफए कप हा इंग्लंडचा देशांतर्गत चषक जिंकला आणि त्याबरोबर युरोपा लीगची जागा. उन्हाळ्यात ती गेली. एकाच व्यक्तीचा किंवा कंपनीचा निर्णायक प्रभाव असलेले दोन क्लब युएफाच्या एकाच स्पर्धेत खेळू शकत नाहीत. जॉन टेक्स्टर यांच्या कंपनीचा हिस्सा पॅलेसमध्येही होता आणि फ्रान्सच्या लिऑनमध्येही. हे सोडवण्याची मुदत होती 1 मार्च 2025. तेव्हा पॅलेस कप जिंकेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. नंतर हिस्सा विकला गेला, पण तारीख टळून गेली होती. लीगमध्ये वरच्या नंबरावर असलेलं लिऑन युरोपा लीगमध्ये राहिलं, पॅलेस कॉन्फरन्स लीगमध्ये ढकललं गेलं आणि त्यांची जागा नॉटिंगहॅम फॉरेस्टला मिळाली. क्रीडा लवादाने ऑगस्टमध्ये पॅलेसचं अपील फेटाळलं. आयर्लंडच्या ड्रॉहेडा युनायटेडला तर याच नियमाने थेट बाहेर काढलं गेलं.

ज्या क्लबच्या मालकांचे इतर देशांत क्लब आहेत, त्याच्या चाहत्याने फेब्रुवारीतच ही तारीख बघून ठेवावी.

तिकीट, आणि मराठी चाहत्याची खास अडचण

पाहुण्या संघाला मैदानाच्या किमान 5 टक्के जागा द्याव्या लागतात. अस्पमिरासारख्या मैदानात त्या 400 च्या घरात. इंग्लिश क्लब ही तिकिटं सहसा पूर्वी किती सामन्यांना हजेरी लावली त्याच्या गुणांवर वाटतात, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याचा नंबर लागणं जवळपास अशक्य. 2024-25 मध्ये युरोपा लीगच्या पाहुण्यांच्या तिकिटावर 40 युरोंची कमाल मर्यादा होती, पुढच्या मोसमात 35. फायनलला बिल्बाओच्या जवळपास 50 हजारांच्या मैदानात प्रत्येक क्लबला सुमारे 15 हजार तिकिटं मिळाली. उरलेल्यांची जी सार्वजनिक सोडत असते तिचे अर्ज फायनलचे संघ ठरण्याच्या आधीच भरावे लागतात.

लंडनमध्ये राहणाऱ्या, पण भारतीय पासपोर्ट असलेल्या चाहत्याची खरी अडचण वेगळीच. ब्रिटनचा व्हिसा किंवा कायम वास्तव्याचा परवाना असला तरी स्पेन, जर्मनी, नेदरलँड्सला जायला शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक, व्हिसा लागतो. नॉर्वे युरोपीय संघात नसला तरी शेंगेनमध्ये आहे, म्हणजे तिथेही तोच. अर्जाला निर्णयासाठी साधारण 15 दिवस धरतात. सेमीचा दुसरा लेग 8 मेला संपला, फायनल 21 मेला. मधे 13 दिवस. सेमी जिंकल्यावर अर्ज करणाऱ्याचं गणित इथेच फसतं, अपॉइंटमेंट मिळण्याचा प्रश्न तर पुढचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा लीग फेजच्या काळातच अनेकदा प्रवेश देणारा व्हिसा काढून ठेवणं बरं.

भारतातून बघायचं तर

युरोपा आणि कॉन्फरन्स लीगचे बहुतेक सामने मध्य युरोपीय वेळेनुसार पावणेसातला किंवा नऊला सुरू होतात. हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे 11.15 आणि 1.30, उन्हाळी घड्याळ लागल्यावर 10.15 आणि 12.30. तिकडे घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातात, म्हणून शेवटच्या 16 चे सामने दीडला आणि क्वार्टर फायनलपासूनचे साडेबाराला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी उलटं. कॅलेंडरवर ‘गुरुवार’ लिहिलेला उशिराचा सामना आपल्याकडे शुक्रवारचा असतो. मोबाइलवर आठवण लावताना हमखास चुकतं ते इथे.

साडेबाराच्या सामन्यात जादा वेळ आणि पेनल्टी झाल्या तर पावणेतीनची झोप सव्वातीन-साडेतीनवर जाते. 2026 ची बुडापेस्टमधली चॅम्पियन्स लीग फायनल युएफाने नऊऐवजी संध्याकाळी सहाला ठेवली, म्हणजे पुण्या-पणजीत रात्रीचे साडेनऊ. युरोपा लीगच्या फायनलची वेळ मात्र होती तीच, साडेबाराची.